लहान धरणाची राखण



या व्यासपीठावरून आपण दरवर्षी मोठमोठे विषय ऐकता. आजचा विषय मातीचा आहे, आणि तोही लहान मातीचा. ज्या धरणाचे नाव भूगोलाच्या पुस्तकात येत नाही, ज्याच्या भिंतीवर सहली जात नाहीत, जे पुष्कळदा गावच्या लोकांसही 'तो वरचा बांध' एवढ्याच नावाने ठाऊक असते, अशा लहान मातीच्या धरणाची प्रकृती कशी असते, ते कशाने आजारी पडते आणि त्याची राखण कोणी करावयाची, याविषयी आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

आम्ही इंजिनियर नाही. कामगार संघटनेच्या कामात आमची तीस वर्षे गेली. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि मातीकाम करणाऱ्या माणसांच्या संगतीत झाले. मग धरणावर बोलण्याचा आम्हांस अधिकार काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, धरण बांधताना घमेले उचलणारा, बांधल्यावर त्याच्यावर चौकीदारी करणारा आणि ते फुटल्यावर पहिल्या लोंढ्यात सापडणारा, हे तिघेही आमच्याच वर्गातले असतात. ज्याच्या जिवाशी गाठ आहे त्याने त्या वस्तूचे शास्त्र समजून घ्यावे, यात आगाऊपणा नाही.

प्रथम मातीचे धरण म्हणजे काय ते पाहू. दुरून पाहिले तर तो एक गवताळ टेकाड दिसतो. पण तो नुसता ढीग नव्हे. त्याच्या पोटात चिकण मातीचा गाभा असतो. तो पाणी अडवितो. गाभ्याच्या दोन्ही अंगांस मुरमाचे आवरण असते. ते गाभ्यास आधार देते. गाभा जमिनीच्या पृष्ठभागावर नुसता ठेवून चालत नाही. त्याच्या खाली खडकापर्यंत खंदक खणून तोही चिकण मातीने भरावा लागतो, नाही तर पाणी खालून वाट काढते. पाण्याच्या बाजूच्या उतारावर दगडांचे पिचिंग असते, म्हणजे लाटांनी माती खचत नाही. मागच्या बाजूस पायथ्याशी दगडांची आणि वाळूची गाळणी असते. पोटात मुरलेले पाणी तिच्यातून बाहेर पडते, पण माती मागेच राहते. एका टोकाला सांडवा असतो. पुराचे जादा पाणी त्यावरून जावे, भिंतीच्या माथ्यावरून कधीही जाऊ नये, यासाठी त्याची योजना असते. आणि भिंतीच्या पोटातून एक नळ किंवा मोरी काढलेली असते, तिला विमोचक म्हणतात. या प्रत्येक भागाला त्याचे काम आहे. एकाने काम सोडले की त्याचा भार दुसऱ्यावर पडतो, हे कारखान्यातील माणसास समजावून सांगावे लागत नाही.

माती पसरावयाची ती थराथराने, आणि प्रत्येक थर दाबावयाचा. त्यात पाणी किती असावे याचे शास्त्र अमेरिकेतील प्रॉक्टर नावाच्या इंजिनियराने १९३३ साली मांडले. माती फार कोरडी असली तर दबत नाही, फार ओली असली तरीही दबत नाही. दोहोंच्या मधला एक ओलावा असतो, त्यावर ती सर्वांत घट्ट बसते. आमच्याकडचे जुने मुकादम हीच गोष्ट मूठभर मातीचा लाडू वळून पाहत. लाडू वळला नाही तर पाणी मारा, हाताला चिकटला तर थांबा. प्रयोगशाळेचे माप अधिक अचूक आहे, त्याला तोड नाही. पण मुकादमाचा लाडू आणि प्रॉक्टरचा आलेख एकच गोष्ट सांगतात, हे पाहून आम्हांस फार आनंद झाला होता.

महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात जी कामे निघाली, आणि पुढे रोजगार हमीवर जी झाली, त्यांत पाझर तलाव आणि बंधारे गावोगावी उभे राहिले. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेले, आणि दुपारी सुकडी, अशा रीतीने ती माती चढली. बायांनी ती चढविली. या कामांमुळे माणसे जगली आणि विहिरींना पाणी आले. पण त्या बांधांना आता पन्नास वर्षे झाली. ज्या हातांनी ते बांधले ते हात थकले, काही गेले. बांध मात्र तेथेच आहेत आणि दर पावसाळ्यात पाणी अडवीत आहेत. त्यांची प्रकृती कोणी तपासली आहे काय, हा साधा प्रश्न आहे.

आता या मातीच्या धरणांत एक वेगळी जात आहे, ती पूर अडविणाऱ्या धरणांची. ती साठवणीसाठी नसतात. वर मुसळधार पाऊस पडला की लोंढा काही तास अडवून धरावयाचा आणि मग खालच्या ओढ्याला सोसेल इतक्या बेताने नळातून सोडून द्यावयाचा, एवढेच त्यांचे काम. पंजाबात होशियारपूरकडे शिवालिकच्या डोंगरांतून येणाऱ्या ओढ्यांना 'चो' म्हणतात. त्यांच्यावर पूर आणि सिंचन अशा दुहेरी हेतूने लहान धरणे घातली आहेत. पण या जातीचे सर्वांत मोठे कुटुंब अमेरिकेत आहे, आणि त्याचा इतिहास आपल्याला उपयोगी आहे.

ओक्लाहोमा संस्थानात १९३० नंतरच्या दशकात जमिनी उघड्या पडल्या, धुळीची वादळे झाली, आणि त्याच उघड्या जमिनींवरून पाऊस आला की पूर धावत. वॉशिटा नदीच्या १९३४ सालच्या पुरात माणसे मेली. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याने या नदीच्या खोऱ्यात उपाय करावयाचे ठरले. त्या कामातील पहिले लहान धरण कॉर्डेल गावाजवळ १९४८ साली पुरे झाले. मग १९५४ साली लहान पाणलोटांसाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि पुढील काही दशकांत देशभर अशी सुमारे ११,८०० धरणे उभी राहिली. एकट्या ओक्लाहोमात ती दोन हजारांहून अधिक आहेत. व्यवस्था अशी की, आराखडा आणि बांधकामाचा खर्च केंद्र सरकारचा. जमीन मिळवून देणे आणि पुढची देखभाल स्थानिक मंडळाची. बहुतेकांचे आयुष्य पन्नास वर्षे धरलेले होते.

पन्नास वर्षे हा आकडा कागदावर लांबचा दिसतो. पण १९४८ मध्ये पन्नास मिळविले की १९९८ येते. तेव्हा कोठे ध्यानात आले की, नळ गंजले आहेत, तलावात गाळ बसला आहे, आणि मूळ आराखड्यात नसलेली घरे खाली उभी राहिली आहेत. २००० साली या धरणांच्या पुनर्बांधणीसाठी तेथे खास कायदा करावा लागला. श्रीमंत देशासही ही गोष्ट पन्नास वर्षांनी आठवली. आपण तितका वेळ घेऊ नये.

यांतील घरांची गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. धरण बांधले तेव्हा खाली शेते होती. फुटले असते तर पीक गेले असते, एखादी गुरांची झोपडी गेली असती. म्हणून सांडवा बेताचा, भिंत बेताची. पण धरणामुळे पूर यावयाचा थांबला. पूर थांबला म्हणून ओढ्याकाठची जमीन निर्धोक वाटू लागली. निर्धोक वाटली म्हणून तिचे भूखंड पडले, भूखंडांवर घरे झाली, घरांमागून शाळा आली. धरणात एक घमेलेभर मातीही बदलली नाही. तरीही त्याची धोक्याची वर्गवारी बदलली. धरणाने दिलेल्या अभयाच्या पोटीच धरणाचा धोका वाढला. आपल्या शहरांच्या कडेला ओढ्यांच्या पात्रात ज्या वसाहती चढत आहेत त्यांच्या वरच्या अंगास काय आहे, हे भूखंड विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारीत नाही.

दुसरी अडचण अशी की, पूर अडविणारे धरण बहुतेक काळ रिकामे असते. नेहमी भरणाऱ्या तलावाची दरवर्षी परीक्षा होते. कोठे ओल आली, कोठे भेग पडली, हे पाणी स्वतःच दाखवून देते. रिकाम्या धरणाची परीक्षाच होत नाही. उन्हाने चिकण माती आक्रसते, भेगा पडतात, उंदीर-घुशी बिळे करतात, नळाच्या तोंडाशी काटक्या-कचरा साचतो, आणि वीस वर्षे काहीच घडत नाही. मग एका रात्री ते पहिल्यांदा काठोकाठ भरते. म्हणजे वीस वर्षांचा सगळा हिशेब एका रात्रीत चुकवावा लागतो. त्यातही भरलेले पाणी झपाट्याने उतरले तर पाण्याच्या बाजूचा ओला उतार घसरण्याची भीती असते, कारण मातीच्या पोटातले पाणी तितक्या वेगाने बाहेर पडत नाही. म्हणून, 'इतकी वर्षे काही झाले नाही' हा पुरावा अशा धरणाच्या बाबतीत पुरावाच नव्हे.

आता धरण मरते कसे ते पाहू. जगभरातील फुटलेल्या मोठ्या मातीच्या धरणांची अभ्यासकांनी मोजदाद केली आहे. जवळजवळ निम्मी माथ्यावरून पाणी गेल्यामुळे फुटली आणि जवळजवळ निम्मी पोटातल्या झिरपीने. उतार घसरून फुटलेली थोडी आहेत.

माथ्यावरून पाणी गेले की मातीचे धरण टिकत नाही. दगडी भिंत काही काळ सोसते. माती मागच्या उतारावरून धुपत जाते आणि खिंडार पडते. गुजरातेत ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू नदीवरील दुसऱ्या धरणाचे मातीचे बांध असेच गेले आणि खालचे मोरबी शहर बुडाले. सांडवा जेवढ्या पुरासाठी बांधला होता त्याच्या दुपटीहून अधिक पाणी आले होते. हजारो माणसे गेली. म्हणून सांडवा हा धरणाचा प्राण आहे. आणि आपल्याकडे काय चालते? चार महिने अधिक पाणी राहावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचतात. सांडव्याच्या वाटेत कोणी गोठा घालतो, कोणी रस्ता काढतो. हे करणारा माणूस वाईट नसतो. त्याला पिकाची चिंता असते. पण तो आपल्या गावाच्या गळ्याभोवती दोरी आवळतो आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

पोटातून मरण येते ते अधिक कपटी असते. प्रत्येक मातीचे धरण थोडे झिरपते. झिरपणे हा रोग नव्हे. पायथ्याशी येणारे पाणी स्वच्छ असेल आणि त्याचे प्रमाण वर्षानुवर्षे तेच असेल, तर चिंता नाही. पण पाणी गढूळ झाले तर समजावे की ते एकटे येत नाही, धरणाची माती बरोबर घेऊन येत आहे. आत एक बारीक नळी तयार होते. ती खालून वर, म्हणजे पाण्याकडे, वाढत जाते. तलावापर्यंत पोचली की तास-दोन तासांचा खेळ उरतो. अमेरिकेत आयडाहो संस्थानात टेटन नावाचे नवे कोरे धरण ५ जून १९७६ रोजी पहिल्यांदाच भरत असताना असेच गेले. सकाळी गढूळ पाणी दिसले. भोक बुजविण्यासाठी दोन बुलडोझर उतारावर पाठविले. ते दोन्ही त्या भोकात ओढले गेले, चालकांना कसेबसे वर काढले. दुपारचे बारा वाजण्याच्या आत धरण फुटले. अकरा माणसे गेली. दिवस होता आणि खालच्या गावांना इशारा मिळाला म्हणून आकडा एवढ्यावर राहिला. रात्र असती तर?

भिंतीच्या पोटातून जाणारा नळ हीही अशीच नाजूक जागा. नळाच्या बाहेरून माती नीट दाबली गेली नाही तर पाणी त्याच्या कडेने वाट काढते. १२ जुलै १९६१ चा दिवस पुण्याच्या माणसांस सांगावयास नको. पानशेतच्या धरणात विमोचकाचे काम अपुरे असताना पाणी साठले, त्या मोरीवरचा भराव खचत गेला, जवानांनी वाळूची पोती रचली, पण सकाळी धरण गेले आणि त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने धरणही नेले. न्या. नाईक आयोगाने त्याची चौकशी केली. पुण्याने त्या दिवशी जे शिकावयाचे ते शिकून घेतले असे आपण मानतो. पण पुढच्या पिढीला त्या पुराच्या फक्त खुणा दाखविल्या जातात. मोरी आणि भराव यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

आता तिवऱ्याकडे येऊ. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यात तिवरे येथे एक लहान मातीचे धरण होते. २ जुलै २०१९ रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास ते फुटले. खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसे मेली. धरण पुरते वीस वर्षांचेही नव्हते. त्याला गळती आहे अशा तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या, आणि पावसाळ्यापूर्वी काही डागडुजीही झाली होती. चौकशीसाठी विशेष पथक नेमले गेले. आणि त्या वेळचे जलसंधारण मंत्री म्हणाले की, खेकड्यांनी भिंत पोखरली म्हणून धरण फुटले. त्यावर महाराष्ट्रभर हशा झाला. काही आंदोलक खेकडे घेऊन पोलिस ठाण्यावर गेले.

आम्ही त्या हशात सामील होणार नाही. खेकडे माती पोखरतात, ही गोष्ट खरी आहे. घुशी पोखरतात, साळिंदरे पोखरतात, वाळवी पोखरते. भिंतीवर वाढलेल्या झाडाचे मूळ खोल जाते. झाड वाळले की मूळ कुजते आणि त्या जागी आयती नळी राहते. म्हणूनच भिंतीवर गवत असावे, झाड असू नये, असा नियम आहे. हे सर्व इंजिनियरांच्या पुस्तकांत आहे. पण तेथेच तर खरी गोम आहे. खेकडा काल जन्मला नाही. तो कोकणात धरणाच्या आधीपासून आहे. तो बीळ करणार हे ठाऊक आहे, म्हणूनच भिंतीची पाहणी करावयाची असते, बीळ दिसले तर खणून भरावयाचे असते, झाड दिसले तर काढावयाचे असते. खेकड्याने बीळ केले हा खेकड्याचा धर्म झाला. ते बीळ कोणी पाहिले नाही, किंवा पाहून कळविले आणि कोणी वाचले नाही, हा माणसाचा भाग झाला.

आमच्या आयुष्यात अशी भाषा आम्ही पुष्कळ ऐकली आहे. कारखान्यात हात तुटला की अहवालात पहिले वाक्य लिहिले जाते, 'कामगाराचे लक्ष नव्हते.' लक्ष नव्हते हे क्वचित खरेही असते. पण यंत्रावर झाकण का नव्हते, बारा तासांची पाळी का होती, हे दुसरे वाक्य लिहिलेच जात नाही. जो बोलू शकत नाही त्याच्यावर दोष ठेवणे सोपे असते. कामगार मेलेला असतो, आणि खेकडा तर बोलूच शकत नाही.

दुर्लक्षाचा सर्वांत भयंकर नमुना अलीकडेच लिबियात घडला. देर्ना शहर एका कोरड्या नदीच्या मुखाशी वसले आहे. पुरांपासून त्याचे रक्षण व्हावे म्हणून १९७० नंतरच्या दशकात एका युगोस्लाव कंपनीने वर दोन धरणे बांधली. एक शहरापासून सुमारे तेरा किलोमीटरवर, दुसरे लहान, शहराच्या अगदी डोक्यावर. १९८६ च्या पुरात त्यांनी शहर वाचविले, पण त्यांना इजा झाली. दुरुस्तीचे कंत्राट २००७ साली दिले गेले. २०११ च्या क्रांतीत काम थांबले ते थांबलेच. २०२२ साली तेथीलच एका विद्यापीठातील अभ्यासकाने निबंध लिहून इशारा दिला की, मोठा पूर आला तर अनर्थ होईल. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री वादळी पाऊस आला. वरचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्यापुढे खालच्या लहान धरणाचा टिकाव लागला नाही, आणि पहाटेपर्यंत शहराचा मधला भाग समुद्रात गेला. हजारो माणसे मेली. जुलै २०२४ मध्ये तेथील न्यायालयाने बारा अधिकाऱ्यांस तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या. इशारा होता, पैशाची तरतूद झाली होती, कंत्राटही झाले होते. फक्त काम झाले नव्हते.

आपल्या देशात आता कायदा आहे. धरण सुरक्षितता कायदा २०२१ च्या डिसेंबरात झाला. त्याने राष्ट्रीय प्राधिकरण नेमले, प्रत्येक राज्यात धरण सुरक्षितता संघटना आवश्यक केली, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाहणी बंधनकारक केली, संकटकाळाची योजना तयार ठेवावयास सांगितले, आणि कसूर करणाऱ्यास शिक्षाही सांगितली. आपल्या राज्याची संघटना नाशिक येथे आहे आणि तिचे काम या कायद्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. हे सर्व चांगले आहे आणि आम्ही त्याचे स्वागत करतो.

पण त्या कायद्याची फूटपट्टी पाहा. पंधरा मीटरहून उंच धरण कायद्याखाली येते. दहा ते पंधरा मीटरमधले येते, ते दहा लाख घनमीटर साठा, पाचशे मीटर लांबी अशा काही अटींपैकी एखादी अट पुरी केली तर. त्याखालची सर्व बाहेर. पाझर तलाव, गावतलाव, लहान बंधारे यांची फार मोठी संख्या अशी बाहेर राहते. आता अमेरिकेतील जॉर्जिया संस्थानातील एक धरण घ्या. केली बार्न्स त्याचे नाव; उंची जेमतेम बारा मीटर, मातीचे, झाडे वाढलेले. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी मध्यरात्रीनंतर पावसात ते फुटले आणि खालच्या विद्यालयाच्या वसाहतीत एकोणचाळीस माणसे मेली. त्यात पाण्याचा साठा दहा लाख घनमीटरही नव्हता. आपल्या फूटपट्टीत ते धरण बहुधा बसलेच नसते. त्या दुर्घटनेनंतर अध्यक्ष कार्टर यांनी देशभरातील धोकादायक धरणांची तपासणी करण्याचा हुकूम दिला, आणि ती करताना, खाली माणसे किती, हा प्रश्न प्रथम विचारला गेला.

आमचे म्हणणे एवढेच आहे. धरणाची उंची मोजा, साठा मोजा. पण आधी त्याखालची माणसे मोजा. कोणी म्हणेल, इतक्या लहान धरणांची तपासणी करावयास पैसा कोठून आणावा? प्रश्न रास्त आहे. सर्वांची एकाच वर्षी कसून तपासणी होणार नाही, हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच क्रम लावावा. ज्या बांधाखाली ओसाड रान आहे तो शेवटी. ज्याखाली वस्ती, शाळा, बाजार आहे तो प्रथम, मग त्याची उंची आठ मीटर का असेना. क्रम लावण्यास मोठा खर्च नाही. एक नकाशा, एक वही आणि चालणारे पाय एवढेच लागते.

आणि आता चालणाऱ्या पायांविषयी. धरणाची पहिली तपासणी साहेब करीत नाही; ती चौकीदार करतो. त्याला रोजची ओल ठाऊक असते. कालपर्यंत कोरडी असलेली जागा आज पायाला थंड लागली, हे त्याच्या पायाला प्रथम कळते. आमच्या संघटनेत असे एक चौकीदार होते. कंत्राटी होते. एका बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी येते हे त्यांनी दोनदा तोंडी कळविले. 'अफवा पसरवू नकोस' असे त्यांना उत्तर मिळाले, आणि पुढच्या वेळी कंत्राट नवे करताना त्यांचे नाव गळले. ज्या माणसाची भाकरी दर अकरा महिन्यांनी दुसऱ्याच्या मर्जीवर असते, त्याने वाईट बातमी कळवावी ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी? कायमची नोकरी ही आमची मागणी पगारापुरती आहे असे पुष्कळांस वाटते. धरणाच्या बाबतीत ती खालच्या गावाच्या सुरक्षिततेची मागणी आहे. चौकीदार निर्भय असला तरच नोंदवहीत खरे लिहिले जाईल. त्याने लिहिलेल्या प्रत्येक ओळीखाली वरिष्ठाने वाचल्याची सही आणि तारीख घालावी, हा नियम झाला तर पैसाही लागणार नाही.

शेवटी आपण नागरिकांनी काय करावे? आम्ही चार गोष्टी सांगतो. आपल्या गावाच्या वर कोणकोणते बांध आहेत आणि ते कोणाच्या ताब्यात आहेत, जलसंपदा खात्याच्या, जलसंधारणाच्या, जिल्हा परिषदेच्या की कोणाच्याच नाही, हे आधी शोधून काढा. मालक नसलेला बांध सर्वांत धोक्याचा. मग वर्षातून दोनदा, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आणि दसऱ्यानंतर, दहाजणांनी मिळून त्यावरून आणि त्याच्या पायथ्याने चालत जा. माथा कोठे दबला आहे काय, झाडे वाढली आहेत काय, बिळे आहेत काय, सांडव्याची वाट मोकळी आहे काय, नळाच्या तोंडाशी कचरा आहे काय, पायथ्याशी पाणी आहे काय आणि ते स्वच्छ आहे की गढूळ, एवढे पाहून तारखेसह लिहा, आणि लेखी कळवून पोच घ्या. स्वतः कुदळ मारू नका. बीळ बुजविणे हेही शास्त्राचे काम आहे, वरवर माती लोटली तर आतली नळी तशीच राहते. तिसरी गोष्ट, सांडव्यावर पोती आणि ओढ्यात भूखंड या दोन्हींस ग्रामसभेत आणि नगरपालिकेत विरोध करा, करणारा आपला नातलग असला तरी. चौथी, रात्री धरणावरून इशारा आला तर तो कोण देणार, कोणत्या वाटेने वर जावयाचे, म्हाताऱ्यांना कोण उचलणार, हे आधी ठरवून ठेवा आणि एकदा करून पाहा. टेटनखालची माणसे इशाऱ्याने वाचली. तिवऱ्याच्या माणसांना रात्री साडेनऊ वाजता तो मिळाला नाही.

धरण बांधले की उद्घाटन होते, कोनशिला बसते, तीवर नावे कोरली जातात. देखभालीला कोनशिला नसते. ज्या वर्षी चौकीदाराने बीळ पाहिले, खात्याने ते वेळेवर भरले आणि पावसाळा सुखरूप गेला, त्या वर्षी वर्तमानपत्रात काहीच छापून येत नाही. अशी काहीच छापून न येणारी वर्षे आपल्या गावाला पुष्कळ लाभावीत, आणि ती लाभावीत म्हणून येत्या पावसाळ्याआधी आपण सर्वांनी त्या 'वरच्या बांधा'वर एकदा चालत जावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.